मनोरा बंद आहे

थोरली काही मासे बघायला आली नव्हती. रात्रभर रेल्वेच्या बाकावर कंबर मोडून घेतली ती सख्ख्या बहिणीसाठी, आणि तिसऱ्या दिवशी बाई उभी कुठे होती, तर एका मोठ्या काचेपुढे. काचेपलीकडे एक चपटा, भुरकट मासा तोंड उघडत होता आणि मिटत होता. शेजारी तिचा भाचा, म्हणजे त्याच बहिणीचा मुलगा, माशाची माहिती सांगत होता. हा म्हणे समुद्राच्या अगदी तळाशी राहतो आणि हा बघायला माणसं कुठून कुठून येतात.

"तुझी आई कधी येणार?" थोरलीने माशाकडे पाठ फिरवून विचारलं.

"गुरुवारी रात्री. सांगितलं ना मावशी. मैत्रिणींबरोबर सहलीला गेलीय. एकदम अचानक ठरलं बघ."

"आमची गाडी गुरुवारी संध्याकाळी आहे."

"तेच तर वाईट वाटतंय मला," भाचा म्हणाला, आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून दाखवला. "चल, पुढे कासवं आहेत."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बरोबर नात होती, आणि नात कासवांकडे धावत सुटली होती. तिच्यामागे थोरलीचा नवराही निघाला, कारण त्या सज्जन माणसाला मासे, कासवं, राजवाडे, जे दाखवाल ते आवडतं. मग थोरलीही गेली. कासवंही बघितली. कासवांनीही तिला बघितलं, आणि दोन्हीकडून काही बोलणं झालं नाही.

या सगळ्याला सुट्टी म्हणायचं, असं घरून निघताना ठरलं होतं. नातीला शाळा नाही, आजोबांना निवृत्तीनंतर वेळच वेळ, तेव्हा मोठं शहर बघू आणि मावशीआजीलाही भेटू. नवऱ्याच्या आणि नातीच्या लेखी तेवढंच होतं. थोरलीच्या मनात मात्र वेगळंच होतं आणि तिने ते लपवलंही नव्हतं. तिच्या लॉन्ड्रीच्या मागे एक खोली होती, इतकी वर्षं साबणाच्या गोण्या ठेवायची. ती तिने रिकामी केली, पिवळसर रंग दिला, पलंग टाकला, नवीन गादी भरून घेतली. धाकटीला न्यायचं म्हणून. धाकटीचा नवरा गेला त्याला काही वर्षं झाली होती. मुलगा आणि सून दिवसभर आपापल्या ऑफिसात. ही बिचारी त्या वरच्या मजल्यावर एकटी भिंतींशी बोलत बसत असणार. त्यापेक्षा बहिणीच्या सावलीत राहील, चार माणसांत राहील, दोन घास वेळेवर खाईल. फोनवर थोरलीने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी तुला घेऊनच परत येणार आहे. बॅग भरून ठेव."

"बघू," धाकटी म्हणाली होती.

आणि थोरलीच्या हिशेबी धाकटीचं 'बघू' म्हणजे 'हो'. लहानपणापासून तसंच होतं. तिने परतीचं एक तिकीट जास्तीचं काढलं होतं.

आणि इथे येऊन बघावं तर धाकटीच गायब! स्टेशनवर भाचा एकटा. घरी उतरायचं तर घरात म्हणे रंगकाम चाललंय, म्हणून लॉजवर सोय केलेली. बरं, हा भाचा कोण? तर थोरलीच्या मुलाच्या लग्नाला अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला आणि पंगत बसायच्या आत निघून गेलेला. त्या माणसाने मावशीला शहर दाखवायला आख्खा आठवडा रजा घ्यावी? सोमवारी संग्रहालय, मंगळवारी राजवाडा आणि त्याची बाग, बुधवारी मासे. थोरलीला एक मिनिट रिकामं सोडायचं नाही असा त्याने चंग बांधला होता. पाहुणचार कसला, पहारा होता तो!

मंगळवारी संध्याकाळी एकदाचं त्याने घरी जेवायला नेलं. थोरली दारातून आत शिरली आणि थांबली. जन्म कपड्यांच्या वासात गेलेली बाई ती. कुठल्या कपड्याला रॉकेल लागलंय, कुठला ओला असतानाच घडी घालून ठेवलाय, हे ती पिशवी उघडायच्या आत सांगते. त्या घरात रंगाचा वास म्हणून नव्हता. आणि मागच्या बाल्कनीत दोरीवर मोज्यांची एक जोडी होती, टाचेकडून चिमटे लावलेली. मोजे टाचेकडून टांगायचे ही त्यांच्या आईची शिकवण. जगात दुसरं कोणी असं टांगत असेल तर थोरलीने तरी पाहिलं नव्हतं. तिने हात लावून बघितला. मोजे ओले होते.

"हे कोणाचे?" तिने विचारलं.

"हिचे," भाचा म्हणाला.

हिने, म्हणजे भाच्याच्या बायकोने, छताकडे बघितलं.

जेवताना थोरलीच्या मनात हिशेब चालू होता. माझी बहीण आज सकाळपर्यंत या घरात होती, आणि हा मला सांगतो ती सहलीला गेलीय. का? आजारी आहे? कुठल्या दवाखान्यात टाकलीय? लॉजवर येताच तिने धाकटीला फोन लावला. धाकटीने उचलला, म्हणाली, "ताई, इथे गर्दी आहे गं, नंतर बोलते," आणि ठेवला. आवाज ठणठणीत होता. म्हणजे आजारी नाही. मग तर थोरली जास्तच भडकली. काळजी करायची सोयसुद्धा ठेवली नव्हती त्या पोराने.

"अगं, असेल काही त्यांचं," नवरा म्हणाला.

"काही म्हणजे काय? माझी बहीण माझ्यापासून लपवून ठेवलीय आणि तुम्ही राजवाड्यातल्या झुंबरांचं कौतुक सांगताय!"

"झुंबरं चांगली होती पण," नवरा पुटपुटला आणि कूस बदलून झोपला.

आता त्या मनोऱ्याबद्दल सांगायला हवं. त्या शहरात कुठल्याही रस्त्याला वळा, रस्त्याच्या टोकाला तो मनोरा उभाच. पिशव्यांवर मनोरा, कपांवर मनोरा, किल्ल्यांच्या साखळीला लटकलेला मनोरा. त्या शहरात येऊन मनोऱ्यावर न जाणं म्हणजे लग्नाला जाऊन नवरा-नवरी न बघणं. नात पहिल्या दिवसापासून मागे लागली होती. आणि भाचा दर वेळी म्हणत होता, "मनोरा बंद आहे बाळा. लिफ्टची दुरुस्ती चाललीय."

बुधवारी, कासवं आटोपल्यावर, त्याने सगळ्यांना नदीतल्या होडीत बसवलं. होडी मनोऱ्याच्या अगदी पायथ्याजवळून गेली. मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला काचेची लिफ्ट होती आणि ती सरसर वर चालली होती. वर कठड्याशी माणसांची ही गर्दी.

"लिफ्ट चालू आहे की!" नात ओरडली.

"चाचणी घेतायत," भाचा म्हणाला.

"आणि ती वरची माणसं?"

"ते कामगार आहेत."

नातीने डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. "कामगारांनी फुगे कशाला आणलेत?"

यावर भाच्याने नदीची खोली किती आहे ते सांगायला सुरुवात केली. होडीतले दोन परके लोक हसले. थोरलीचं तोंड लालबुंद झालं. थापा मारायच्या तर निदान धड माराव्यात, समोरच्या माणसाला थोडी तरी अक्कल असेल असं धरून चालावं. हा तर तिला ठार वेडी समजत होता. तिच्या मनाने तिथल्या तिथे निकाल दिला, की हा कवडीचुंबक आहे, मनोऱ्याची तिकिटं महाग असणार, ती वाचवायला याने आख्खा मनोरा बंद पाडला. आणि जो माणूस तिकिटासाठी मनोरा बंद पाडतो तो आईला काय करत नसेल!

गुरुवारी सकाळी भाचा बाजार दाखवायला येणार होता. तो यायच्या आतच थोरलीने नवऱ्याला आणि नातीला उठवलं, लॉजच्या पोऱ्याकडे सामान ठेवलं आणि निघाली.

"अगं, तो येईल ना आपल्याला न्यायला," नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"येऊ दे आणि बसू दे. मी मनोऱ्यावर चाललेय. वर जाऊन त्याला फोन करणार आहे, की बघ, तुझ्या बंद मनोऱ्यावरून बोलतेय. मग बघते काय तोंडाने बोलतो."

मनोरा उघडा होता हे सांगायला नकोच. रांग लागली होती. नवऱ्याने तिकिटं काढली. नात उड्या मारत होती. थोरली रांगेत उभी राहून भाच्याला काय काय सुनवायचं त्याची मनात उजळणी करत होती, आणि प्रत्येक उजळणीला दोन शब्द वाढत होते. लिफ्ट खाली आली, दार सरकलं.

आत गडद निळं जाकीट, पितळी बटणं, निळी टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेली एक बाई उभी होती.

"मनोऱ्यावर आपलं स्वागत आहे. लहान मुलांचा हात धरा, दाराला टेकू..." बाई म्हणाली आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

ती धाकटी होती.

मागून माणसांचा रेटा आला आणि थोरली, नवरा, नात तिघंही आत ढकलली गेली. दार मिटलं. लिफ्ट वर निघाली.

"ही तुझी सहल?" थोरलीच्या आवाजाने काचा थरथरल्या असत्या, जाड नसत्या तर.

"ताई, इथे नको. ड्युटीवर आहे मी."

"ड्युटीवर! या वयात तुला दारावर उभी केलीय त्याने! आईला सांभाळणं एवढं जड झालं? आणि वर मला मासे दाखवतो! चार दिवस मी त्याचे मासे बघतेय!"

"डाव्या हाताला नदी," धाकटी सगळ्यांना उद्देशून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण कामाचा आवाज तिने सोडला नाही. "आणि नदीपलीकडे जुनी बाजारपेठ."

"बाजारपेठ गेली खड्ड्यात! तो कुठे आहे ते सांग. त्याला आता तुझ्यासमोर उभा करते. बापाच्या माघारी आईला कामाला लावलं, आणि लाज वाटते म्हणून पाहुण्यांपासून लपवलं! असली औलाद!"

"बाई, जरा हळू बोलाल का?" कॅमेरा गळ्यात घातलेला एक गृहस्थ म्हणाला. "आम्हाला माहिती ऐकू येत नाहीये."

"तुम्ही नदी बघा!" थोरली म्हणाली. गृहस्थाने मुकाट्याने नदी बघितली.

नातीने मात्र तोवर मावशीआजीचा हातमोजा घट्ट धरला होता. "तू ही लिफ्ट चालवतेस? रोज?"

"रोज," धाकटी म्हणाली. एवढ्या गोंधळातही तिला जरा हसू आलंच.

लिफ्ट थांबली, दार उघडलं. माणसं बाहेर पडली, जाताना मागे वळून बघत. नवऱ्याने नातीला पुढे काढलं आणि स्वतःही बाहेर पडला. थोरली आतच.

"ताई, वर सगळ्यांनी उतरायचं असतं. नियम आहे."

"मी उतरणार नाही. मला आधी उत्तर हवं."

खाली जाणारी माणसं आत शिरली. धाकटीने बहिणीकडे बघितलं, कळ दाबली आणि लिफ्ट खाली निघाली. आता ती बोलली तेव्हा नदी-बाजारपेठ काही नव्हतं. ती समोरच्या काचेकडे बघत बोलत होती.

"त्याने नाही लपवलं. मीच सांगितलं त्याला. बिचारा नको नको म्हणत होता. त्याला धड खोटं बोलता येत नाही."

"ते मी बघितलंय. पण का? या कामाची लाज वाटली तुला? माझ्यापुढे? मी लोकांचे मळके कपडे धुते आयुष्यभर!"

"लाज कसली ताई? वर्ष होईल आता मला इथे. मी स्वतः येऊन विचारलं, परीक्षा दिली, पाठ केलं सगळं. आवडतं मला. तो आणि सून, दोघंही नको म्हणत होते."

"मग?"

लिफ्टमधली माणसं कान देऊन ऐकत होती. एका बाईने तर पोराच्या तोंडावर हात ठेवला होता, ऐकता यावं म्हणून.

"तुझी भीती वाटली," धाकटी म्हणाली.

"माझी?" थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी काय तुला खाणार होते?"

"नेणार होतीस. खोली रंगवलीस, गादी भरलीस, तिकीटसुद्धा काढलं असशील. काढलंस ना?" थोरलीने पर्स काखेत दाबली तशी तिने मान हलवली. "मला विचारलंस कधी?"

"विचारायचं काय त्यात? बहिणीला घरी न्यायला विचारावं लागतं? मी तुझ्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठीच. माझं लग्न भल्यासाठी ठरवलंस. हे गेले तेव्हा भल्यासाठीच घेऊन गेलीस, आणि मी वर्षभर तुझ्या लॉन्ड्रीत टॉवेलांच्या घड्या घातल्या. तू मला काही कमी केलं नाहीस ताई, खोटं कशाला बोलू? ताटात आधी मला वाढायचीस. पण तिथे मी दिवसभरात एक वाक्य स्वतःचं बोलत नव्हते. सगळं तूच बोलायचीस. आणि तू समोर बसलीस ना, की माझं 'नाही' घशातच अडकतं. आजवर एकदा तरी निघालंय का बाहेर? म्हणून म्हटलं समोर यायलाच नको. चार दिवस निघून जातील."

थोरलीने आयुष्यात पुष्कळ भांडणं केली होती. धोब्यांशी, गिऱ्हाइकांशी, पाणीवाल्यांशी. प्रत्येक भांडणात तिच्याकडे शेवटचा शब्द तयार असायचा. आता तिने तो शोधला, आणि मिळेना तसा तिला आणखीच राग आला. धाकटीचा आला, भाच्याचा आला, त्या पिवळसर रंगाचा आला, जो निवडताना तिने स्वतःच्या आवडीचा निवडला होता.

"म्हणजे माझ्यापासून पळून जायला तू या खांबावर चढून बसलीस," ती म्हणाली. "परक्या माणसांचं दिवसभर स्वागत करतेस! आणि मी दारात आले तर सहलीला गेलीस!"

"हो," धाकटी म्हणाली. "चुकलं माझं. पण येणार नाही मी ताई. नाही."

लिफ्ट तळाला टेकली. मघाचा कॅमेरावाला नव्हता, पण दुसरा एक गृहस्थ तिथे होता, त्याने जाताजाता थोरलीला म्हटलं, "बरोबर बोलतायत त्या." थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पायरी चुकला.

ती बाहेर आली आणि उभी राहिली. गाडीला वेळ होता, पण फार नव्हता. नवरा आणि नात वर होती. ती दोघं आपोआप खाली येतील, येतील तेव्हा येतील. तिने इथेच थांबावं, सामान घ्यावं, स्टेशन गाठावं आणि या बहिणीचं नाव पुन्हा तोंडातून काढू नये. असं तिने ठरवलं, आणि ठरवत असतानाच तिकिटाच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, "एक द्या."

"तुम्ही आत्ताच जाऊन आलात ना?" खिडकीतला माणूस म्हणाला.

"तुम्हाला काय करायचंय? उतरले नव्हते मी वर!"

या खेपेला लिफ्टमध्ये ती कोपऱ्यात उभी राहिली आणि एक अक्षर बोलली नाही. धाकटीने स्वागत केलं. मुलांचा हात धरा म्हणाली, दाराला टेकू नका म्हणाली. डाव्या हाताला नदी, पलीकडे जुनी बाजारपेठ, आणि हा पूल बांधायला किती वर्षं लागली, आणि पुलाआधी माणसं कशी जायची. माणसं माना वळवून तिच्या हाताच्या दिशेने बघत होती. कोणीतरी काही विचारलं आणि धाकटीने असं काही उत्तर दिलं की सगळी हसली. थोरलीला तो विनोद नीट कळला नाही. आपली बहीण विनोद करते हेच तिला माहीत नव्हतं.

वर पोचल्यावर सगळे उतरले. थोरलीही उतरली. दोन पावलं गेली तोच मागून धाकटीने तिचा दंड धरला. दार उघडं राहील अशी कळ दाबून ती नियम सोडून बाहेर आली होती. खाली जाणाऱ्यांची रांग कुरकुरायला लागली.

"एकच मिनिट," धाकटी रांगेला म्हणाली, आणि बहिणीला कठड्याशी घेऊन गेली. "ते बघ. पाण्याची गोल टाकी दिसते? तिच्या मागे लाल गच्ची. तिच्या डाव्या अंगाला आमची इमारत. वरून दुसरी खिडकी माझी. जेवायच्या सुट्टीत मी इथे येऊन बघते."

थोरलीने बघितलं. खाली घरांचा नुसता सडा पडला होता, शंभर टाक्या, शंभर गच्च्या, आणि त्यात तिच्या डोळ्यांत पाणी. तिला टाकी दिसली नाही, गच्ची दिसली नाही, इमारत तर मुळीच नाही.

"दिसली?" धाकटीने विचारलं.

"दिसली," थोरली म्हणाली. पण तिला एवढ्यावर राहवलं असतं तर ती थोरली कसली? "पडदा नाही वाटतं लावलास? सकाळी ऊन थेट तोंडावर येत असेल."

"येतं. आवडतं मला."

जाड निळं कापड लॉन्ड्रीत पडूनच आहे, घरी गेल्यावर शिवून पाठवते, मापं तेवढी कळव, हे सगळं थोरलीच्या जिभेवर आलं होतं. रांगेतून कोणीतरी "अहो बाई, लिफ्ट!" म्हणून ओरडलं. धाकटी टोपी सारखी करत वाट बघत होती.

"बरं," थोरली म्हणाली. "नको लावूस मग."